सरकार, युनियन आणि डेट्रॉइट : मदतीच्या पैशातून आलेली सत्ता

जनरल मोटर्स ही अमेरिकी मोटार कंपनी १० जुलै २००९ रोजी दिवाळखोरीच्या न्यायालयातून नव्या रूपात बाहेर आली, तेव्हा तिचे ६०.८ टक्के समभाग अमेरिकेच्या अर्थखात्याकडे होते. कॅनडा आणि ऑन्टेरिओ प्रांत यांच्या सरकारांकडे मिळून ११.७ टक्के, निवृत्त कामगारांच्या आरोग्यखर्चासाठी उभारलेल्या विश्वस्त निधीकडे १७.५ टक्के आणि जुन्या कंपनीच्या धनकोंकडे १० टक्के अशी बाकीची वाटणी होती. महिनाभर आधी याच मार्गाने गेलेल्या क्रायस्लरमध्ये कामगारांच्या निधीचा वाटा निम्म्याहून अधिक होता. या आकड्यांवरून अमेरिकेत वर्षानुवर्षे वाद झडला: या कंपन्या आता वॉशिंग्टन चालवते की युनियन?

टक्केवारीकडे पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. सरकारने आपले खरे वजन वापरले ते मालक होण्याआधी, पैसे देणारा सावकार म्हणून. मालकी हाती आल्यावर त्याने बऱ्यापैकी हात आखडता घेतला. युनियनचे वजनही समभागांतून आले नाही. ते जुन्या करारांतून आणि कारखाना चालवायला कामगार लागतातच या साध्या वस्तुस्थितीतून आले. आणि या दोन बलदंड पक्षांच्या वाटाघाटीत ज्यांच्या बाजूने बोलणारे कोणी बसले नव्हते, त्यांच्या वाट्याला सगळ्यात कठोर अटी आल्या.

युनायटेड ऑटो वर्कर्स, म्हणजे यूएडब्ल्यू, ही युनियन १९३६-३७ च्या हिवाळ्यात मिशिगनमधील फ्लिंट येथे कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडून केलेल्या संपामुळे जनरल मोटर्समध्ये रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीच्या काळात झालेल्या करारांमुळे महागाईनुसार वाढणारा पगार, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा ही कामगारांची हक्काची गोष्ट झाली. विक्री वाढत होती तोवर हा खर्च कंपनीला जड गेला नाही. पुढे जपानी कंपन्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत युनियन नसलेले कारखाने काढले. तिथे निवृत्त झालेले कामगार जवळजवळ नव्हतेच. जनरल मोटर्सच्या पगारपत्रकावर मात्र काम करणाऱ्यांपेक्षा निवृत्तांची संख्या कितीतरी मोठी झाली होती. १९८४ पासून चालत आलेली ‘जॉब्स बँक’ ही व्यवस्था तर टीकाकारांच्या हाती आयतीच लागली: काम नसलेल्या कामगारालाही जवळपास पूर्ण पगार मिळत राही.

बदल २००७ च्या करारापासूनच सुरू झाला होता, ही गोष्ट पुढच्या वादात बहुतेकांनी दुर्लक्षिली. निवृत्त कामगारांच्या आरोग्यखर्चाचा सुमारे ४७ अब्ज डॉलरचा बोजा कंपनीच्या ताळेबंदातून काढून एका स्वतंत्र विश्वस्त निधीवर टाकायचे त्या करारात ठरले. निधीत कंपनीने ठरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने भरायची आणि मग त्या जबाबदारीतून मोकळे व्हायचे. त्याच करारात दुपदरी वेतनही आले. जुन्या कामगाराला तासाला २८ डॉलरच्या आसपास, तर नव्याने लागणाऱ्याला त्याच्या जवळपास निम्मे. मंदी येण्यापूर्वीच युनियनने जुन्यांचे हित राखण्यासाठी नव्यांच्या पगारावर पाणी सोडले होते.

२००८ साली इंधनाचे भाव कडाडले आणि पाठोपाठ पतपुरवठा आटला. अमेरिकेतील वाहनविक्री २००७ मधल्या १.६ कोटींवरून २००९ मध्ये १.०४ कोटींवर आली. जनरल मोटर्सला २००८ या एका वर्षात सुमारे ३१ अब्ज डॉलरचा तोटा झाला. नोव्हेंबरमध्ये जनरल मोटर्स, क्रायस्लर आणि फोर्ड या तिन्ही मोठ्या कंपन्यांचे प्रमुख आणि युनियनचे अध्यक्ष रॉन गेटलफिंगर मदत मागायला काँग्रेससमोर आले. कंपन्यांचे प्रमुख खासगी विमानांनी आल्याचे उघड झाल्यावर उरलीसुरली सहानुभूतीही गेली.

डिसेंबरमध्ये सेनेटमध्ये जे घडले ते युनियनच्या वजनाची कसोटी पाहणारे होते. टेनेसीचे रिपब्लिकन सेनेटर बॉब कॉर्कर यांनी तडजोड सुचवली: रोखेधारकांनी मोठी सूट द्यावी आणि युनियनने आपले पगार परदेशी कंपन्यांच्या अमेरिकी कारखान्यांतील पगारांच्या पातळीवर आणावेत. युनियन बरेच काही सोडायला तयार होती, पण पगाराची बरोबरी २००९ मधल्या ठरावीक तारखेपर्यंत करण्याचे तिने नाकारले. ११ डिसेंबरला विधेयक ५२ विरुद्ध ३५ मतांवर अडले. पुढे नेण्यासाठी ६० मते हवी होती. युनियन नमली नाही, पण केवळ आपल्या बळावर तिला काही मिळवताही आले नाही.

तिढा सोडवला तो मावळते अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी. १९ डिसेंबरला त्यांनी बँकांसाठी मंजूर झालेल्या ७०० अब्ज डॉलरच्या निधीतून दोन्ही कंपन्यांना १७.४ अब्जांचे कर्ज जाहीर केले: जनरल मोटर्सला १३.४ आणि क्रायस्लरला ४. कर्जाच्या अटी मुळातून वाचण्यासारख्या आहेत. बिनतारणी कर्जापैकी दोन तृतीयांश कर्जाचे समभागांत रूपांतर, जॉब्स बँक बंद, पगार स्पर्धक कंपन्यांच्या तोडीचे करण्याचे लक्ष्य, आणि आरोग्य निधीला देय असलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम रोखीऐवजी समभागांत. म्हणजे निवृत्त कामगारांचा निधी कंपनीचा भागधारक व्हावा ही कल्पना ओबामांच्या कारकिर्दीतली नाही, ती बुश यांच्या अटींत आहे. आणि तिथे ती बक्षीस म्हणून आलेली नाही. कामगारांना हक्काची रोकड मिळायची होती, तिच्या जागी बुडत्या कंपनीचे कागद देण्यात आले. युनियनला कंपनी ‘भेट’ मिळाली असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घेतलेला नाही.

बराक ओबामा यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये मोटार उद्योगासाठी कार्यगट नेमला. रोजचे काम पाहणारे स्टीव्हन रॅटनर हे वॉल स्ट्रीटवरचे गुंतवणूकदार, तर रॉन ब्लूम हे पोलाद कामगारांच्या युनियनचे माजी सल्लागार. सरकारी हस्तक्षेप सर्वाधिक तीव्र होता तो याच चार महिन्यांत. मार्चअखेर दोन्ही कंपन्यांच्या पुनर्रचनेच्या योजना फेटाळण्यात आल्या. जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांना पद सोडायला सांगितले गेले आणि फ्रिट्झ हेंडरसन त्यांच्या जागी आले. कंपनीला ६० दिवस आणि क्रायस्लरला फियाटशी करार जुळवायला ३० दिवस मिळाले. पॉन्टिअॅक हा ब्रँड गुंडाळण्याचे याच काळात ठरले. हमर, सॅटर्न आणि साब यांच्यापासूनही पिच्छा सोडवण्याचे कंपनीने ठरवले. तोवर सरकारकडे कंपनीचा एकही समभाग नव्हता. पैसे थांबवले तर कंपनी आठवडाभरात बंद पडेल, एवढी एकच गोष्ट या अधिकारासाठी पुरेशी होती.

क्रायस्लर ३० एप्रिलला दिवाळखोरीत गेली आणि कायद्याचा सर्वांत टोकदार प्रश्न तिथे उभा राहिला. तारण घेऊन कर्ज दिलेल्या धनकोंचे ६.९ अब्ज डॉलर होते. त्यांच्या हाती २ अब्ज, म्हणजे डॉलरमागे २९ सेंट पडले. बिनतारणी धनको असलेल्या कामगारांच्या निधीला मात्र नव्या कंपनीतला मोठा हिस्सा आणि येणे रकमेच्या काही भागाची वचनचिठ्ठी मिळाली. दिवाळखोरी कायद्यात तारणवाल्याचा क्रम आधी लागतो. इंडियाना राज्याच्या निवृत्तिवेतन निधींनी नेमक्या याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. एका दिवसाची स्थगिती मिळाली, ती ९ जूनला उठली आणि दुसऱ्या दिवशी विक्री पूर्ण झाली.

सरकारचा युक्तिवाद असा होता की विक्रीतून आलेले २ अब्ज पूर्णपणे तारणवाल्यांनाच दिले. कामगारांना जे मिळाले ते जुन्या कंपनीच्या मालमत्तेतून नव्हे, नव्या खरेदीदाराने आपल्या गरजेपोटी दिले. कंपनी मोडीत काढली असती तर तारणवाल्यांना याहून कमी मिळाले असते, हा अंदाज दिवाळखोरी न्यायालयाने मान्य केला. खरेदीदाराला चालू कारखाना हवा असेल तर त्याला कामगार आणि सुटे भाग पुरवणारे यांच्याशी जुळवून घ्यावेच लागते, हे खरे आहे. खासगी सौद्यांतही हे घडते. पण इथे खरेदीदाराच्या मागचा पैसा सरकारचा होता, दुसरा कोणीही बोली लावणारा नव्हता, आणि तारणवाल्यांतील मोठ्या बँका त्याच सरकारच्या मदतीवर तगून होत्या. सौदा कायद्याच्या अक्षरात बसला तरी घासाघीस बरोबरीच्या पक्षांत झाली असे म्हणता येत नाही. पुढच्या टीकेतला हाच भाग अजूनही टिकून आहे.

१ जूनला जनरल मोटर्सनेही दिवाळखोरी जाहीर केली. तिथे तारणाचा प्रश्न नव्हता, पण विषमता तितकीच स्पष्ट होती. सुमारे २७ अब्जांच्या रोखेधारकांना दहा टक्के समभाग आणि पुढे ठरावीक भावाने आणखी समभाग घेण्याचे हक्क. सुमारे २० अब्ज येणे असलेल्या आरोग्य निधीला १७.५ टक्के समभाग, ६.५ अब्जांचे प्राधान्य समभाग आणि २.५ अब्जांची वचनचिठ्ठी. टॉड झायविकी आणि जेम्स शर्क यांनी २०१२ साली मांडलेल्या हिशेबानुसार, दिवाळखोरीचे नेहमीचे नियम लावले असते तर युनियनच्या बाजूला गेलेले सुमारे २६ अब्ज डॉलर वाचले असते आणि करदात्यांचा तोटाही झाला नसता. सरकारतर्फे वाटाघाटी करणारे रॅटनर यांनीही २०११ साली युनियनकडून थोडे अधिक मागायला हवे होते असे मान्य केले. सेवेत असलेल्या कुठल्याही जुन्या कामगाराचा मूळ पगार कापला गेला नव्हता.

मात्र युनियनने दिलेल्या गोष्टींची यादीही छोटी नाही. महागाईभत्ता गोठला, जॉब्स बँक संपली, नव्या कामगारांच्या कमी पगारावरची संख्येची मर्यादा उठली आणि जनरल मोटर्स व क्रायस्लरमध्ये २०१५ पर्यंत आर्थिक मागण्यांवर संप करण्याचा हक्क सोडावा लागला. युनियनच्या दृष्टीने संपाचा हक्क सोडणे हे कुठल्याही समभागापेक्षा महाग होते. सरकारी मदत न घेतलेल्या फोर्डमध्ये तो हक्क शाबूत राहिला.

निधीच्या समभागांना मताचे वजन तर जवळजवळ नव्हतेच. जनरल मोटर्समध्ये निधीने आपली मते बाकीच्या भागधारकांच्या प्रमाणातच टाकायची, असे करारात होते. निधीच्या विश्वस्त मंडळावर युनियनने नेमलेल्यांपेक्षा स्वतंत्र विश्वस्त अधिक होते. संचालक मंडळावरच्या एका जागेसाठी नाव सुचवण्याचा हक्क निधीला मिळाला. त्या जागी आलेले स्टीफन गिर्स्की हे वॉल स्ट्रीटवरचे मोटार उद्योगाचे अभ्यासक होते. विश्वस्तांचे कायदेशीर कर्तव्य निवृत्तांची औषधे आणि दवाखान्याचा खर्च भागवण्याचे, म्हणजे समभाग चांगल्या भावात विकून मोकळे होण्याचे. या बाबतीत निधीचे हित कित्येकदा सेवेतल्या कामगारांच्या विरुद्ध जाई: पगार वाढला की नफा घटतो आणि समभागाचा भाव उतरतो.

याआधीच्या दोन उदाहरणांशी ताडून पाहिले की फरक कळतो. क्रायस्लरला १९८० साली १.५ अब्ज डॉलरच्या कर्जाची सरकारी हमी मिळाली, तेव्हा युनियनचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर स्वतः संचालक मंडळावर बसले. सरकारने समभाग खरेदीचे हक्क घेतले, पण समभाग घेतले नाहीत. १९८३ मध्ये कर्ज मुदतीआधी फिटले आणि ते हक्क विकून खजिन्यात ३१ कोटी डॉलर आले. ब्रिटनमध्ये १९७५ साली ब्रिटिश लेलँड ही मोटार कंपनी सरकारने ताब्यात घेतली, कामगारांच्या सहभागाच्या समित्या नेमल्या, पण किती काळ पैसे ओतायचे आणि कुठल्या अटीवर थांबायचे हे ठरवले नाही. संप, घटती विक्री आणि नव्या अनुदानाची मागणी यांचा फेरा चालू राहिला आणि १९८८ मध्ये उरलेली कंपनी ब्रिटिश एरोस्पेसला विकून सरकार बाहेर पडले. वॉशिंग्टनमधल्या मंडळींना टाळायचा होता तो हा ब्रिटिश अनुभव.

म्हणून ओबामा सरकारने मालकीचे नियम आधीच जाहीर केले: रोजच्या कारभारात ढवळाढवळ नाही, मत फक्त संचालकांच्या निवडीवर आणि कंपनीच्या अस्तित्वाला भिडणाऱ्या मोठ्या निर्णयांवर, आणि शक्य तितक्या लवकर माघार. संचालक मंडळ बहुतांशी नवे आले आणि दूरध्वनी कंपनी एटी अँड टीचे माजी प्रमुख एड व्हिटाकर अध्यक्ष झाले. पुढच्या दीड वर्षात हेंडरसन, व्हिटाकर आणि डॅन अॅकरसन असे तीन मुख्याधिकारी कंपनीने पाहिले.

हे नियम कितपत पाळले गेले? ओपेलचे उदाहरण सरकारच्या बाजूचे आहे. जर्मनीतली ही उपकंपनी सुटे भाग बनवणारी मॅग्ना आणि रशियाची स्बेरबँक यांना विकावी यासाठी जर्मन सरकारने पतपुरवठ्याची तयारी ठेवली होती. ३ नोव्हेंबर २००९ रोजी, जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल अमेरिकी काँग्रेसपुढे भाषण करत होत्या त्याच दिवशी, जनरल मोटर्सच्या संचालक मंडळाने विक्री रद्द केली. वॉशिंग्टनची सूत्रे हलत असती तर मित्रदेशाच्या प्रमुखाला अशा दिवशी तोंडघशी पाडले गेले नसते. विजेवर चालणाऱ्या शेव्हरोले व्होल्टबद्दलही असाच गैरसमज आहे. ती गाडी सरकारने लादली असे अनेक जण समजत; कार्यगटाच्या मार्च २००९ च्या अहवालात मात्र ती नजीकच्या काळात बहुधा परवडणार नाही एवढी महाग ठरेल असे म्हटले होते. कंपनीने ती तरीही बनवली.

याउलट, अटी स्पष्ट होत्या तिथे सरकारचा हात दिसतो. क्रायस्लरमध्ये फियाटचा हिस्सा वाढवण्यासाठी तीन टप्पे ठरले होते. त्यांतला एक म्हणजे गॅलनला ४० मैल धावणारी गाडी अमेरिकेत बनवणे. बड्या अधिकाऱ्यांच्या पगाराला केनेथ फाइनबर्ग या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागे, आणि त्यामुळे चांगली माणसे येत नाहीत अशी अॅकरसन यांची तक्रार होती. मात्र सर्वांत मोठा राजकीय दबाव आला तो अध्यक्षांकडून नव्हे, काँग्रेसकडून. गाव तिथे विक्रेता असलेले डीलरांचे जाळे कापायचे ठरले, तेव्हा क्रायस्लरने ७८९ आणि जनरल मोटर्सने हजाराहून अधिक डीलरांना नोटिसा दिल्या. हे डीलर प्रत्येक मतदारसंघात होते. डिसेंबर २००९ मध्ये काँग्रेसने त्यांना लवादाचा हक्क देणारा कायदा केला आणि मार्चमध्ये जनरल मोटर्सने ६६१ जणांना परत घेण्याची तयारी दाखवली. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्टनचे सुट्या भागांचे गोदाम बंद होणार होते. स्थानिक प्रतिनिधी बार्नी फ्रँक यांच्या एका दूरध्वनीनंतर ते आणखी चौदा महिने चालू राहिले. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीला प्रत्येक लोकप्रतिनिधी मालकासारखा फोन करू शकतो, हा धोका नियमावलीने आटोक्यात येत नाही.

या सौद्याची किंमत कोणी मोजली हे मिशिगनमधील ओरायन कारखान्यात जवळून दिसते. कोरियात बनणाऱ्या छोट्या गाडीची पुढची पिढी अमेरिकेत बनवायची असे २००९ मध्ये ठरले आणि ओरायन, विस्कॉन्सिनमधील जेन्सविल आणि टेनेसीतील स्प्रिंग हिल असे तीन कारखाने त्या कामासाठी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. काम ओरायनला मिळाले. पण छोट्या गाडीवर नफा कमी, म्हणून कंपनी आणि युनियनने ठरवले की तिथले ४० टक्के कामगार दुसऱ्या पदराच्या पगारावर राहतील. हे नव्याने भरलेले लोक नव्हते. कित्येक वर्षे पूर्ण पगार घेतलेल्या, कामावरून तात्पुरत्या काढलेल्या माणसांना निम्म्या पगारावर परत या, नाहीतर दुसऱ्या कारखान्यात जा, असे सांगण्यात आले. करारावर त्यांचे मत घेतले गेले नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये या कामगारांनी डेट्रॉइटमध्ये निदर्शने केली ती कंपनीच्या कचेरीपुढे नव्हे, युनियनच्या मुख्यालयासमोर.

सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फायमधील अन्याय याहून मोठा होता. १९९९ मध्ये जनरल मोटर्सपासून वेगळी झालेली ही कंपनी बुडाल्यावर तिचे निवृत्तिवेतन सरकारी विमा संस्थेकडे गेले आणि अनेकांची रक्कम घटली. युनियनच्या सदस्यांची तूट १९९९ च्या हमीनुसार नव्या जनरल मोटर्सने भरून दिली. सुमारे २०,००० पगारदार निवृत्तांना, म्हणजे अभियंते, पर्यवेक्षक आणि कचेरीतल्या कर्मचाऱ्यांना, तशी हमी नव्हती आणि त्यांची तूट कोणी भरली नाही. एकाच छताखाली आयुष्य काढलेल्या दोघांपैकी एकाला पूर्ण निवृत्तिवेतन आणि दुसऱ्याला कापलेले, आणि दोन्ही निर्णयांमागे तोच सरकारी पैसा. कराराच्या भाषेत याचे समर्थन करता येते, न्यायाच्या भाषेत नाही.

सरकारची माघार संथ झाली. एप्रिल २०१० मध्ये कंपनीने ६.७ अब्जांचे कर्ज व्याजासह मुदतीआधी फेडल्याची जाहिरात केली. ते पैसे सरकारनेच दिलेल्या राखीव रकमेतले होते, हे मदतनिधीच्या महानिरीक्षकांनी निदर्शनास आणले. १८ नोव्हेंबर २०१० रोजी समभाग ३३ डॉलरला बाजारात आले आणि सरकारचा वाटा एक तृतीयांशापर्यंत उतरला. पूर्ण पैसे वसूल व्हायला भाव ५० डॉलरच्या वर जायला हवा होता. शेवटचे समभाग ९ डिसेंबर २०१३ रोजी विकले गेले. जनरल मोटर्समध्ये घातलेल्या सुमारे ५० अब्जांपैकी ११ अब्जांहून अधिक परत आले नाहीत. क्रायस्लरमधून सरकार २०११ मध्येच बाहेर पडले, कामगारांच्या निधीचा हिस्सा फियाटने जानेवारी २०१४ मध्ये विकत घेतला आणि कॅनडाने आपले समभाग २०१५ मध्ये विकले.

युनियनचा प्रश्न त्यानंतरही चालू राहिला. क्रायस्लरच्या अधिकाऱ्यांनी युनियनच्या पुढाऱ्यांना संयुक्त प्रशिक्षण केंद्राच्या पैशातून लाच दिल्याचे २०१७ पासून उघड झाले; हे व्यवहार २००९ पासूनचे होते. त्याच तपासातून युनियनचे दोन माजी अध्यक्ष युनियनच्या पैशाच्या अपहारासाठी तुरुंगात गेले आणि कंपनीने २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला. मदतीच्या काळात युनियनने कंपनी ताब्यात घेतली असे म्हणणाऱ्यांपुढे हे उलटे चित्र आले: कंपनीच युनियनच्या पुढाऱ्यांना विकत घेत होती. या घोटाळ्यानंतर सदस्यांनी थेट मतदानाने नेता निवडण्याचा हक्क मिळवला आणि शॉन फेन अध्यक्ष झाले. २०२३ च्या संपानंतर झालेल्या करारांत २००९ मध्ये सोडलेला महागाईभत्ता परत आला, पूर्ण पगारापर्यंत पोचायला लागणारी आठ वर्षे तीनवर आली आणि दुपदरी वेतनाचा बराचसा भाग संपला. २००७ नंतर कामाला लागलेल्यांना जुन्यांसारखे ठरावीक निवृत्तिवेतन आणि निवृत्तीनंतरचा आरोग्यविमा मात्र त्या करारातही मिळाला नाही.